एपिसोड 31 : फाईलवरचा शब्द, शिवीतला शब्द

(भाग ऐकण्याऐवजी वाचणाऱ्यांसाठी. बोलताना जिथे अडखळलो ती वाक्यं सरळ केली आहेत, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

 हेडफोन लावा असं मी सहसा सांगत नाही. आज सांगतोय. आजच्या भागात एक शब्द वीस-पंचवीस वेळा तरी येणार आहे, आणि स्पीकर चालू असताना तो शब्द चुकीच्या माणसाच्या कानावर पडला तर काय होतं हे मी स्वतः बघितलंय.

थर्ड इयरला होतो. हॉस्टेलच्या रूममध्ये चार लॅपटॉप, एक स्विच, आणि रात्री दहानंतर काउंटर स्ट्राइक. त्या रात्री मावशीचा व्हिडिओ कॉल आला. तिच्या मुलीला, म्हणजे माझ्या मावसबहिणीला, गणितातलं काहीतरी विचारायचं होतं. ती तेव्हा नववीत होती. मी फोन पाण्याच्या बाटलीला टेकवून ठेवला, म्हटलं दोन मिनिटं थांब, एवढा राउंड संपू दे. राउंड आम्ही हरलो. एका मित्राने हातात आलेला गेम घालवला, आणि मी ओरडलो, "अरे स्पॅस्टिक आहेस का तू!"

सगळे हसले. मी पण हसलो. मग गणित समजावलं, कॉल ठेवला. अर्ध्या तासाने तिचा व्हॉट्सअ‍ॅप आला : "दादा, स्पॅस्टिक तर मी आहे ना? फाईलवर तसंच लिहिलंय."

तिला सेरेब्रल पाल्सी आहे. फाईलवर पहिल्याच पानावर, डॉक्टरांच्या अक्षरात, 'स्पॅस्टिक डायप्लेजिया'. ती फाईल मी दहा वेळा तरी हातात घेतली असेल, मावशीबरोबर दवाखान्यात जाताना बॅगेत भरली असेल. आणि तरी फाईलवरचा शब्द आणि गेममधला शब्द एकच आहे हे माझ्या डोक्यात कधी जोडलंच गेलं नव्हतं. दोन वेगळ्या फोल्डरमध्ये एकाच नावाच्या दोन फाईल्स पडून असाव्यात तसं.

मी तेव्हा 'सॉरी' आणि एक मूर्खासारखा इमोजी पाठवला. नंतर या शब्दाच्या मागे लागलो. आजचा भाग म्हणजे त्यातून जे हाती लागलं ते.

सुरुवात ग्रीकमधून. ग्रीकमध्ये 'स्पाओ' असं क्रियापद आहे, अर्थ ओढणं, खेचणं. त्यातून 'स्पास्मोस', म्हणजे आतून खेचलं जाणं, आपण पेटका म्हणतो ते. तिथून लॅटिन, आणि अठराव्या शतकात इंग्रजी वैद्यकात 'स्पॅस्टिक'. तुमच्यापैकी निम्म्या जणींच्या पर्समध्ये या शब्दाचा भाऊ असेल. मेफ्टाल-स्पास. त्यातलं 'स्पास' हे तेच. पाळीत पोटात जे ओढल्यासारखं होतं ते थांबवणारी गोळी. म्हणजे मुळात हा शब्द कुठल्या माणसाबद्दल नव्हताच. तो स्नायूबद्दल होता.

माणसाला तो चिकटला एकोणिसाव्या शतकात. लंडनमध्ये विल्यम जॉन लिटल नावाचा सर्जन होता. लहानपणी पोलिओ झाल्यामुळे त्याचं स्वतःचं पाऊल वाकडं झालं होतं, आणि जर्मनीत जाऊन त्याने ते शस्त्रक्रियेने सरळ करून घेतलं होतं. याच लिटलने 1861 मध्ये डॉक्टरांच्या सभेत मांडलं, की काही मुलांचे पाय जे कडक, एकमेकांवर चढलेले राहतात, त्याचा संबंध अवघड बाळंतपणाशी, दिवस भरायच्या आधी जन्म होण्याशी, जन्मताना श्वास कोंडण्याशी असू शकतो. पुढे बरीच वर्षं या अवस्थेला 'लिटलचा आजार' असंच म्हणत. मला हे आवडलं. या शब्दाच्या इतिहासात जो पहिला मोठा माणूस भेटतो, त्याने मुलांचे पाय बघितले ते स्वतःचा पाय माहीत असताना.

आता नेमकं होतं काय, ते दोन मिनिटांत. गुडघ्यावर डॉक्टर छोटी हातोडी मारतात आणि पाय उडतो, बघितलंय ना? स्नायू अचानक ताणला गेला की मणक्यातूनच परस्पर ऑर्डर सुटते, 'आखड'. मेंदूला विचारलंही जात नाही. पण मेंदू वरून सतत या सर्किटला दाबून ठेवत असतो, शांत राहा, शांत राहा. सेरेब्रल पाल्सीत बाळाच्या वाढत्या मेंदूला इजा झालेली असते, आणि वरून येणारी ती लाईन कमजोर पडते. मग साधा ताण पडला तरी स्नायू पूर्ण ताकदीने आखडतो. गंमत अशी, की जितक्या झटक्यात पाय ओढाल तितका तो जास्त विरोध करतो. हळू ओढलात तर सैल सोडतो. म्हणून फिजिओथेरपीला घाई चालत नाही. मावशी रोज सकाळी तिचे पाय इतके हळू ताणायची, की लहानपणी मला वाटायचं मावशीलाच झोप येतेय.

सेरेब्रल पाल्सी असलेल्या दर दहा जणांपैकी साधारण आठ जणांचा प्रकार हा स्पॅस्टिक असतो. म्हणून हा शब्द डॉक्टर टाकूनही देऊ शकत नाहीत. कुठलं औषध, कुठला स्प्लिंट, बोटुलिनमचं इंजेक्शन द्यायचं की नाही, हे सगळं या एका शब्दावर ठरतं.

आणि शिवीत याचा अर्थ काय? हातपाय वेडेवाकडे उडवणारा, भान सुटलेला, धांदरट. म्हणजे जे नाव आखडण्याला दिलं होतं ते सुटण्याला लावलं. शिवी देणाऱ्याने ज्याची शिवी दिली ते धड बघितलंसुद्धा नव्हतं. मी तर रोज बघत होतो, माझं काय सांगू.

शिवी झाली कशी, त्याची खरी गोष्ट ब्रिटनमधली आहे.

1952 मध्ये लंडनला सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांचे तीन पालक आणि एक समाजसेविका यांनी मिळून संस्था काढली. नाव, नॅशनल स्पॅस्टिक्स सोसायटी. तेव्हा हे नाव अभिमानाने ठेवलं होतं हे लक्षात घ्या. या मुलांना शिकवून उपयोग नाही असं सर्रास मानणारा तो काळ. त्यात 'स्पॅस्टिक' हा स्वच्छ, डॉक्टरी, कुणालाही न दुखावणारा शब्द होता. संस्था मोठी झाली, शाळा काढल्या, दुकानं काढली, शब्द देशभर माहीत झाला. इतका माहीत झाला की शाळेच्या मैदानावर पोचला. आणि मैदानावर पोचलेल्या शब्दाचं काय होतं ते तुम्हाला-मला चांगलं ठाऊक आहे.

मग आलं 1981. संयुक्त राष्ट्रांनी ते अपंग व्यक्तींचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केलं. बीबीसीवर मुलांसाठी 'ब्लू पीटर' नावाचा कार्यक्रम होता, घराघरात बघितला जायचा. त्यांनी त्या वर्षी जोई डीकनची ओळख करून दिली.

जोई डीकनबद्दल जरा थांबून सांगतो, कारण मला स्वतःला हा माणूस फार उशिरा कळला. जन्म 1920. सेरेब्रल पाल्सी. आयुष्याचा मोठा भाग लंडनबाहेरच्या एका मोठ्या रुग्णालयवजा संस्थेत गेला. त्याचं बोलणं जवळपास कुणालाच समजायचं नाही, म्हणून त्याला काही समजतच नाही असं लोक धरून चालायचे. पण तिथेच राहणाऱ्या एर्नी रॉबर्ट्सला त्याचं बोलणं कळायचं. पूर्ण कळायचं. मग या मित्रांनी काय केलं माहितीये? जोई बोलणार. एर्नी ते ऐकून स्पष्ट शब्दांत परत बोलणार. तिसरा मित्र मायकेल सँगस्टर ते हाताने लिहून काढणार. चौथा, टॉम ब्लॅकबर्न, ते टाइपरायटरवर टाइप करणार. दिवसाला जेमतेम काही ओळी व्हायच्या. असं करत करत जोईचं आत्मचरित्र पूर्ण झालं, 'टंग टाइड' नावाने 1974 मध्ये छापलं गेलं.

मी रोज ऑफिसमध्ये डेटा पाइपलाइन बघतो. एका सिस्टीममधून निघालेली माहिती दुसरीत जाताना तिची काय वाट लागते, तेवढंच माझं काम. या चौघांची पाइपलाइन ज्या दिवशी वाचली, त्या दिवशी मी ऑफिसचं काम बाजूला ठेवून नुसता बसून होतो.

तर असा माणूस ब्लू पीटरवर आला. हेतू चांगला होता, मुलांना कळावं, आदर वाटावा. झालं उलटंच. दुसऱ्या दिवशी शाळाशाळांमध्ये नवी शिवी तयार. 'जोई'. एखाद्याचा कॅच सुटला, जोई. कुणी अडखळलं, जोई. तोंड वाकडं करून, मनगटं मुरडून नक्कल. त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये जोई डीकन गेला. ती शिवी त्याच्यानंतरही बरीच वर्षं जिवंत राहिली.

त्याच 1981 मध्ये इयन ड्युरी नावाच्या गायकाने एक गाणं काढलं, 'स्पॅस्टिकस ऑटिस्टिकस'. ड्युरीला लहानपणी पोलिओ झाला होता. 'अपंगांचं वर्ष' ही कल्पनाच त्याला चीड आणणारी वाटली. एक वर्ष आमचं, मग पुढच्या वर्षी आम्ही बरे होणार का, असा त्याचा सूर. म्हणून त्याने मुद्दाम तीच शिवी उचलून स्वतःच्या छातीवर लावली. बीबीसीने ते गाणं दिवसा वाजवायला बंदी केली. आणि 2012 मध्ये लंडनच्या पॅरालिंपिक्सच्या उद्घाटन सोहळ्यात तेच गाणं सगळ्या जगासमोर वाजलं.

इकडे स्पॅस्टिक्स सोसायटीची पंचाईत. पालक आपल्या मुलाला घेऊन यायलाच कचरायला लागले, कारण दारावर जी पाटी, तीच मैदानावरची शिवी. बराच वाद झाला. शेवटी 1994 मध्ये संस्थेने नाव बदललं. नवं नाव, स्कोप. छोटं, सुटसुटीत, कुठल्याच आजाराचा वास नसलेलं. मग काय झालं असेल? ओळखलंत. काही शाळांमध्ये पोरांनी 'स्कोपर' अशी शिवी काढली.

इथे माझ्या इंजिनिअर डोक्यात पहिलं वाक्य जे आलं ते असं : व्हेरिएबलचं नाव बदललं, व्हॅल्यू तीच राहिली. आणि हे वाक्य मला एवढं आवडलं होतं की या भागाचं शीर्षकच ते ठेवणार होतो. स्क्रिप्ट बहिणीला पाठवली. तिचं उत्तर : "म्हणजे नाव बदलू नये असं म्हणणं आहे का तुझं? तुला कुणी त्या नावाने हाक मारत नाही म्हणून सोपंय." शीर्षक बदललं.

तिचं बरोबर आहे, आणि कोडवाल्यांनाही ते कळतं खरं तर. नाव बदलल्याने बग जात नाही, पण पुढच्या माणसाला कोड वाचता तरी येतो. 'स्कोपर' ही शिवी टिकली नाही, विरली. 'स्पॅस्टिक'ला ब्रिटनमध्ये आज कुणी सभ्य माणूस शिवी म्हणून तोंडात घेत नाही. बेचाळीस वर्षं जुनी पाटी काढून टाकायला त्या संस्थेला जे धाडस लागलं असेल, ते मी एका चटपटीत वाक्यात उडवणार होतो.

आता अमेरिका. तिथे याच शब्दाचं छोटं रूप झालं, 'स्पॅझ'. 1960 च्या दशकात तिथल्या टीनएजर्सच्या तोंडी आलं, अर्थ बावळट, अंगात काही नसलेला. 1979 च्या 'मीटबॉल्स' या विनोदी सिनेमात तर एका पात्राचं नावच स्पॅझ. होता होता तिथे लोक त्याचा सेरेब्रल पाल्सीशी संबंधच विसरले. त्यामुळे 2006 मध्ये टायगर वूड्सने एका स्पर्धेनंतर, आज मी स्पॅझसारखा खेळलो, असं सहज म्हटलं तेव्हा अमेरिकेत कुणाला काही वाटलं नाही, आणि ब्रिटनमध्ये गदारोळ. त्याने माफी मागितली. एकच भाषा, मध्ये एक समुद्र.

नंतर इंटरनेटने तो समुद्र बुजवला. जून 2022 मध्ये लिझोचं 'गर्ल्स' हे गाणं आलं, त्यात हा शब्द. ऑस्ट्रेलियातल्या हॅना डिव्हिनी या लेखिकेने ट्विट केलं. तिला स्वतःला स्पॅस्टिक डायप्लेजिया आहे, म्हणजे आमच्याकडच्या फाईलवर आहे तेच. तिचं म्हणणं साधं होतं : हा माझ्या आजाराच्या नावातला शब्द आहे आणि माझ्या पायांत तो सतत दुखतो. लिझोने काही दिवसांत ओळ बदलून गाणं पुन्हा रेकॉर्ड केलं. दोन महिने होत नाहीत तोच बियॉन्सेच्या नव्या अल्बममधल्या 'हीटेड' गाण्यात पुन्हा तोच शब्द. पुन्हा आवाज उठला, पुन्हा शब्द काढला गेला. तेव्हा रेडिटवर 'आता काय गाणी पण सेन्सॉर करणार का' असं म्हणणारे खूप होते. दोघींनी कुणाच्या कोर्टबिर्टाशिवाय, सांगितल्यावर बदललं. माझा गेममधला मित्र आजही म्हणतो, 'अरे पण मी त्या अर्थाने नाही म्हणत.' मीही त्या अर्थाने म्हटलं नव्हतं.

आपल्याकडे काय? आपल्याकडे हा शब्द पहिल्यांदा पाटीवरच आला. 1972 मध्ये मिठू अलूर यांनी मुंबईत स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया सुरू केली. त्यांची मुलगी मालिनी चिब हिला सेरेब्रल पाल्सी, आणि तिच्यासारख्या मुलांसाठी इथे शाळा नाही, म्हणून. नर्गिस दत्त या संस्थेच्या पहिल्या आश्रयदात्या. मुंबई-पुण्याच्या कितीतरी घरांत हे नाव म्हणजे आधार होता. पुढे त्यांनीही नाव बदललं, आता संस्थेचं नाव 'अडॅप्ट'. मालिनी चिब यांच्या पुस्तकाचं नाव 'वन लिटिल फिंगर', कारण टायपिंग एका बोटाने. आणि कल्की केकलाचा 'मार्गारिटा विथ अ स्ट्रॉ' बघितला असेल तर तो त्यांच्याच नात्यातल्या बहिणीने, शोनाली बोस यांनी, त्यांच्यावरून प्रेरणा घेऊन काढलाय. दोन्ही बाजूंना बहीण. मी आपलं पॉडकास्ट काढतोय, चालायचंच.

शिवी म्हणून हा शब्द मात्र आपल्याकडे इंग्रजी शाळा, केबल टीव्ही आणि गेमिंगमधून आला. त्याच्या सोबतीने 'रिटार्ड' पण आला. त्याचं मूळ लॅटिन 'टार्डस', म्हणजे हळू. आणि मराठीत आपण काय म्हणायचो? 'मतिमंद'. मंद म्हणजे पण हळूच! दोन भाषा, हजारो मैल लांब, आणि दोघींनी एकच गोष्ट केली : आधी सौम्य म्हणून शब्द निवडला, मग वर्गात मागच्या बाकावरून तोच फेकून मारला. आपल्याकडे 1999 च्या नॅशनल ट्रस्ट कायद्याच्या पूर्ण नावात ते इंग्रजी शब्दरूप अजून बसलेलं आहे. अपंगचं दिव्यांग झालं त्यावर तर एक अख्खा वेगळा भाग होईल. माझ्या बहिणीला तो शब्द अजिबात आवडत नाही. तिच्या ओळखीतल्या एका मुलाला खूप आवडतो. दोघांना एकत्र बोलवायचा विचार आहे, माईक तुटणार नाही एवढं बघतो.

तर मग म्हणायचं काय, असं तुम्ही मेसेजमध्ये विचारणारच. मी हेच तिला विचारलं. ती म्हणाली, फाईलवर स्पॅस्टिक लिहिलंय ते राहू दे, ते माझ्या स्नायूंबद्दल आहे. थंडीत सकाळी ती स्वतःच म्हणते, "आज पाय फार स्पॅस्टिक झालेत, पाच मिनिटं दे." यूडीआयडी कार्डावर सेरेब्रल पाल्सी आहे, ते पण चालतं. कुणी 'ती स्पॅस्टिक आहे' म्हटलं की मात्र तिला राग येतो. तिच्या मते शब्द पायापुरता ठेवायचा, वर चढवायचा नाही. आणि गेममध्ये हरल्यावर काय ओरडायचं? "आपल्याकडे गाढव आहे, बैल आहे, ठोंब्या आहे. मराठीत काय कमी आहे का?"

एक कबुली राहिली. त्या रात्रीनंतर तो शब्द माझ्या तोंडून एकदम गेला असं झालं नाही. सवय होती. पुढच्याच आठवड्यात परत निघाला, अर्धा, 'स्पॅ...' एवढाच. रूममेटने विचारलं काय रे, अडकलास का? मी म्हटलं स्पॅनर. आमच्या चौघांत आजही गेम घालवणाऱ्याला स्पॅनर म्हणतात, का ते फक्त मला माहीत होतं. आता त्यांनाही कळेल.

आणखी एक. या भागाच्या पहिल्या स्क्रिप्टमध्ये मी तिच्याबद्दल एक परिच्छेद लिहिला होता. वॉकरवर असूनही कशी हसतमुख, कशी बी.कॉम. झाली, किती जिद्द वगैरे. तिने तो अख्खा परिच्छेद सिलेक्ट करून एकच कमेंट टाकली : "ही कोण आहे?" काढून टाकला.

काल रात्री रेकॉर्डिंग पाठवलं. सकाळी उत्तर आलं, जसंच्या तसं वाचतो : "ग्रीक फार लांबलंय, मी फॉरवर्ड केलं. मेफ्टाल चांगलं आहे. जोई डीकनचं पुस्तक कुठे मिळेल? आणि दादा, ते नववीतलं गणित तू तेव्हा चुकीचं शिकवलं होतंस."

पुढच्या भागात भेटू. ते गणित काय होतं हे मला आठवत नाहीये, तिला विचारून सांगतो.